सातव्या पानातली होडी

"मुलांकडून पुस्तक करून घेणं म्हणजे जगातलं सगळ्यात सोपं काम!"

हे वाक्य चिगुसाने भर सभेत टाकलं. भर सभा म्हणजे वस्तीच्या बालमंडळाची वार्षिक बैठक. नऊ आया, दोन बाबा, गार बार्लीच्या चहाचं भलंमोठं भांडं, आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून बसलेले कुरोइवा सर.

कुरोइवा सर निवृत्त चित्रकला शिक्षक. बालमंडळाचा चित्रवर्ग गेली अठरा वर्षं तेच घेत होते, आणि अठरा वर्षं त्यांनी मुलांकडून एकच गोष्ट करून घेतली होती. गोटे रंगवणे! किनाऱ्यावर जायचं, गोटा आणायचा, धुवायचा, रंगवायचा, घरी न्यायचा. संपला वर्ग! चिगुसाच्या घरात तिच्या बालपणीचे सात गोटे होते. त्यांतल्या चारांवर मांजर होतं, दोनांवर मांजर असावं असा घरच्यांचा अंदाज होता, आणि सातवा आईने मुळ्याच्या लोणच्यावर वजन म्हणून ठेवला होता.

"आपल्या दारात आमानोहाशिदाते आहे!" चिगुसा उभी राहून म्हणाली. खरं तर बसून बोललं तरी चाललं असतं, पण नुकतीच ती शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आली होती आणि तेव्हापासून तिला बसून बोलणं कमी वाटायचं. "खाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळूचा लांबच लांब पट्टा, त्यावर हजारो पाइन! लोक कुठून कुठून येतात बघायला! आणि आपण? आपण गोटे रंगवतो!"

"गोट्यांत वाईट काय आहे?" कुरोइवा सरांनी शांतपणे विचारलं.

"वाईट काही नाही, सर. पण गोटा हा गोटाच!"

मग तिने आपली योजना सांगितली. घडीचं पुस्तक! पेटीच्या भात्यासारखं उघडणारं. बारा मुलं, बारा पानं, प्रत्येकाने एक पान रंगवायचं. आणि पुस्तक ओढून उघडलं की वाळूचा पट्टा पहिल्या पानावर सुरू होऊन थेट बाराव्यावर पोचायचा. अखंड! फेरीबोटीच्या धक्क्यावरच्या प्रतीक्षालयात पुढच्या आठवड्यात शनिवारी प्रदर्शन!

"आणि पट्टा एका पानावर वर, दुसऱ्यावर खाली आला तर?" एका आईने विचारलं.

"येणारच नाही! प्रत्येक कागदाच्या दोन्ही कडांना बरोब्बर मध्यावर मी पेन्सिलीने टिंब देणार. या टिंबातून पट्टा आत, त्या टिंबातून बाहेर. मध्ये काय गोंधळ घालायचा तो घाला!"

आयांनी माना डोलावल्या. अशी शंका आधीच ओळखणारी मुलगी म्हणजे काय! कुरोइवा सर मात्र चहाच्या पेल्यात बघत म्हणाले, "बघ बाई. गोट्याचं एक बरं असतं. त्याला वर-खाली नसतं."

चिगुसाला हा टोमणा कळला नाही, पण टोमणा आहे एवढं कळलं. ती जागच्या जागी फणफणली. ठरलं असं, की या वर्षी पुस्तक होऊ दे. नीट झालं तर चित्रवर्ग पुढेही चिगुसाकडे. नाही झालं तर पुन्हा गोटे.

पुन्हा गोटे! चिगुसाने मनातल्या मनात शपथ घेतली. मेले तरी गोटे नाही!

त्याच आठवड्यात शनिवारी ती अकरा मुलांना घेऊन डोंगरावर गेली. बारावा मुलगा ऐनवेळी गालगुंडं होऊन घरी बसला. त्याचं पान सातवं होतं. "ते मी रंगवीन," चिगुसा म्हणाली. तेवढंच मुलांना एक चांगलं पानही बघायला मिळेल, असा तिचा उदार विचार होता.

डोंगरावर पोचल्यावर जे सगळे करतात तेच मुलांनी केलं. दगडी चौथऱ्यावर चढायचं, देखाव्याकडे पाठ करायची, वाकायचं, आणि आपल्याच दोन पायांमधून बघायचं. खाडी वर जाते, आभाळ खाली येतं, आणि वाळूचा पट्टा आभाळात चढलेल्या पुलासारखा दिसतो. इथे जन्मलेलं पोर चालायला लागायच्या आधी हे शिकतं.

"बघून घ्या एकदा, हौस फेडून घ्या!" चिगुसा ओरडली. "पण चित्र सरळ काढायचं! सरळ म्हणजे झाडं वर, पाणी खाली! कळलं?"

"कळलं!" अकरा ढुंगणांमागून अकरा आवाज आले.

सहा वर्षांचा गेन्ता तर इतका वेळ वाकून राहिला की शेवटी कोलांटी खाऊन चौथऱ्यावरच पसरला. "ताई, मी पुलावर चढलो होतो!" तो म्हणाला. त्याच्या बहिणीने, म्हणजे नऊ वर्षांच्या कोतोहाने, त्याला उभं करून झटकलं. कोतोहा ही मोठेपणी वकील होणार हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. तिच्याशी वाद घालून शाळेतल्या एका बाईंनी वर्ग बदलून घेतला होता.

रविवारी सकाळी सभागृहात रंगकाम झालं. काय वर्णावं! एकाने पाइनची झाडं ब्रोकोलीसारखी काढली, एकीने पाण्यात गुलाबी देवमासा सोडला, गेन्ताने एका झाडाला डोळे काढले. पण पट्टा? पट्टा टिंबातून आत आणि टिंबातून बाहेर! चिगुसाच्या आनंदाला पारावार नव्हता. स्वतःच्या सातव्या पानावर तिने फक्त धुकं काढलं. वाळूचा पट्टा धुक्यात विरलेला, वर-खाली नुसती करडी-निळी छटा, आणि एका बाजूला तांदळाएवढी होडी. होडीत वल्हं घेऊन उभा माणूस, तोही पापणीच्या केसाएवढा.

"हे पान संपायचंय का?" कुरोइवा सरांनी डोकावून विचारलं.

"संपलंय, सर! रिकामी जागा हीच खरी कला असते!"

"असं, असं. पक्षी मात्र छान काढलायस. पाणकावळा ना?"

"होडी आहे ती!!"

चिगुसाचे कान लाल झाले. पाणकावळा! अठरा वर्षं गोटे बघून माणसाची नजर अशी होते!

"रंग वाळले की कागद पालथा करा आणि मागे आपलं नाव लिहा," तिने मुलांना फर्मावलं. "मोठ्ठं! वरून खाली, ठसठशीत!" अकरा कागद फडफडत पालथे झाले. तिनेही आपला पालथा केला आणि सुरेख अक्षरात नाव लिहिलं.

दुपारी मुलं घरी गेल्यावर तिने जोडकाम काढलं. आईने गव्हाच्या पिठाची खळ शिजवून दिली होती. बाराही चित्रं जमिनीवर पालथी घालून एका ओळीत मांडायची, दोन पानांच्या मध्ये मागून कागदाची पट्टी चिकटवायची, आणि मग सगळ्यावर एक लांबलचक जाड कागद डकवायचा. इथेच एक मोठा खड्डा होता, आणि तो चिगुसाने बरोबर ओळखला. आपलं जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतं. पण चित्रं पालथी घातली की उजवं-डावं फिरतं! म्हणजे पहिलं पान डावीकडे ठेवायला हवं! हे तिला आपोआप सुचलं. कुणी सांगितलं नाही, काही नाही. ती इतकी खूश झाली की तिने स्वतःच्याच पाठीवर थाप मारायचा प्रयत्न केला आणि खळीचा हात केसांना लागला.

"आई, दुसरी कुणी असती ना, तर तिने डावं-उजवं उलटं लावलं असतं!"

"हो का," आई म्हणाली. आई सुक्या मासळीच्या दुकानात काम करायची आणि रविवारी दुपारी ती कशालाही "हो का" म्हणायची.

चिगुसाने नावं वाचत वाचत बारा पानं मांडली. सगळी नावं सरळ, एका रांगेत, शिस्तीत उभ्या असलेल्या शाळेच्या मुलांसारखी. पट्ट्या चिकटवल्या. जाड कागद डकवला. वरून शब्दकोश, इतिहासाची तीन पुस्तकं आणि सातही गोटे ठेवले. लोणच्यावरचाही! शेवटी काही तरी उपयोग झाला म्हणायचा!

बुधवारी शाळा सुटल्यावर सभागृहात सगळे जमले. अकरा मुलं, चार आया, कुरोइवा सर. चिगुसाने पुस्तक टेबलावर ठेवलं. घसा साफ केला. "तर मंडळी…" म्हणाली, आणि दोन्ही टोकं धरून ओढलं.

पहिलं पान सुरेख. दुसरं सुरेख. तिसऱ्या पानावर पाइनची झाडं वटवाघळांसारखी लटकत होती.

चिगुसाने डोळे मिटले, उघडले. झाडं लटकतच होती. चौथ्यावर गुलाबी देवमासा आभाळात पाठीवर पोहत होता. पाचवं सरळ. सहावं उलटं. सातवं तिचं, ते तिने बघितलंही नाही. आपलं पान चांगलं आहे हे माहीत असताना बघायचं कशाला? आठवं, नववं सरळ. दहावं उलटं. अकराव्यावर गेन्ताचं डोळेवालं झाड डोक्यावर उभं राहून सगळ्यांकडे बघत होतं. बारावंही उलटं. वाळूचा पट्टा मात्र टिंबाटिंबांतून अगदी अखंड गेला होता. त्याला काय, तो मध्यावरच होता!

एका आईने मान तिरकी करून देवमासा बघितला.

"अठरा वर्षांत," कुरोइवा सर हळूच म्हणाले, "एकही गोटा उलटा झाला नाही."

झालं! चिगुसाच्या डोक्यात ठिणगी पडली. ती गर्रकन मुलांकडे वळली.

"पायांतून बघून काढलंत ना? सांगितलं होतं की नाही सरळ काढा म्हणून? शंभर वेळा सांगितलं होतं!"

"एकदा सांगितलं होतंस," कोतोहा म्हणाली.

"हे कुणाचं?" चिगुसाने अकराव्या पानावर बोट आपटलं.

"माझं," गेन्ता म्हणाला. "पण मी सरळ काढलं होतं."

"सरळ? मग झाडाने काय रात्रीत कोलांटी मारली?"

गेन्ताने झाडाकडे नीट बघितलं. "मारली असेल," तो म्हणाला. त्याला यात अशक्य असं काही वाटलं नाही.

"थट्टा करतोस? तिथे सगळ्यांत जास्त वेळ वाकून कोण बसलं होतं? कोण पडलं होतं?"

"बघितलं पायांतून, पण काढलं सरळ!" गेन्ता म्हणाला.

"ताई," कोतोहा पुढे आली, "पायांतून सगळ्यांनीच बघितलं. तूही बघितलंस. मग आमची सहाच पानं उलटी का? आणि देवमासा माझा आहे. मी काढला तेव्हा त्याचं पोट खाली होतं. कारंजं वर होतं. मला आठवतं."

"मग आता कारंजं खाली कसं?"

"ते मला माहीत नाही. पण माहीत नसणं म्हणजे मी केलं असं होत नाही."

चिगुसाला एवढी चीड आली की तिला काय बोलावं सुचेना. वक्तृत्वात दुसरी आलेली मुलगी, आणि सुचेना! एक आठवडाभर राबायचं, खळ केसांत घालून घ्यायची, डावं-उजवं सांभाळायचं, आणि या सहा जणांनी एका झटक्यात सगळं पालथं करायचं! वर तोंड करून बोलायचं! तिने सहाही जणांना एका ओळीत उभं केलं. बाकीच्या पाच जणांसमोर त्यांना वाकून माफी मागायला लावली. "सगळ्यांचं पुस्तक बिघडवलं, चुकलो!"

सरळ पानवाल्या पाच जणांनी ओशाळून पायांकडे बघितलं. कोतोहा वाकली, पण इतकी ताठ वाकली की तो नमस्कार कमी आणि दावा जास्त वाटला. गेन्ता वाकला तो वर आलाच नाही. तिथेच रडायला लागला.

"मी आता चित्र काढणारच नाही," तो हुंदके देत म्हणाला. "कध्धीच नाही. मी गोटे रंगवीन. कुरोइवा सरांचे."

हे म्हणजे भोसकलेल्या सुरीला पीळ देणं झालं. त्याच्या आईने त्याला कडेवर घेतलं, चिगुसाकडे बघितलं आणि ती निघून गेली. त्या एका नजरेत वर्षभराचे गोटे भरलेले होते.

पानं सोडवणं शक्य नव्हतं. खळ अशी धरली होती, की एक कोपरा उचकटायला गेलं तर आभाळाचा तुकडाच हातात यायला लागला. गुरुवारी दिवसभर चिगुसा वर्गात बसून धुमसत राहिली. गणिताच्या सरांनी उत्तर विचारलं तर म्हणाली, "सहा जणांनी केलं, सर!" आणि संध्याकाळी, सायकलवरून धक्क्याजवळून येताना, तिला दिसलं की फेरीबोटीतून उतरलेले पाहुणे एका बाकाला टेकून, वाकून, पायांतून खाडीकडे बघतायत. डोंगरावर जायचीही वाट बघवत नव्हती त्यांना!

चिगुसाने करकचून ब्रेक दाबला.

शनिवारी प्रतीक्षालयात पुस्तक पूर्ण उघडून लांब टेबलावर उभं ठेवलेलं होतं. त्यातल्या सहा उलट्या पानांसमोर जमिनीवर खडूने काढलेल्या पावलांच्या सहा जोड्या होत्या, आणि शेजारी फलक: "इथे उभे राहा. पाठ करा. वाका. बघा."

काय सांगू! लोक तुटून पडले! टोपी घातलेल्या बायका, कॅमेरेवाले काका, सहलीला आलेल्या शाळेची आख्खी तुकडी. रांग थेट तिकीट खिडकीपर्यंत. सहा जोड्यांवर सहा माणसं वाकलेली. तिकीट खिडकीतून बघणाऱ्याला नुसती पाठमोरी माणसंच दिसत असावीत, उलट्या चेहऱ्यांची. "अगं बाई, देवमासा!" "झाडाला डोळे आहेत हो!" एका आजींचे दात निसटून पडले, तर त्यांनी ते उचलले, पुसले आणि पुढच्या पावलांवर जाऊन पुन्हा वाकल्या!

शहरातल्या मोठ्या वाचनालयाच्या एक बाई आल्या होत्या. सहाही ठिकाणी वाकून झाल्यावर त्या लाल चेहऱ्याने उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इतकं सुंदर! पुस्तक वाचताना माणूसच उलटा होतो! कुणाची कल्पना ही?"

"माझी!" चिगुसा म्हणाली.

तिने ते ठरवून म्हटलं नाही. ते तोंडातून निघालं. पण एकदा निघाल्यावर तिला ते खूप आवडलं.

"तुमची? आणि तुम्ही अजून शाळेत आहात?"

"हो! मला वाटलं, नुसतं बघण्यापेक्षा—"

"ताई," मागून आवाज आला. कोतोहा. तिच्या मागे बाकीचे चार, आणि शेवटी बहिणीच्या फ्रॉकचं टोक धरून गेन्ता. तो चित्राकडे बघत नव्हता. बोटीचं वेळापत्रक बघत होता, जरी त्याला अजून वाचता येत नव्हतं. "ताई, म्हणजे चूक आमची आणि कल्पना तुझी?"

"श्श! कोतोहा, नंतर बोलू."

"नंतर का? बुधवारी सगळ्यांसमोर बोललीस. आताही सगळ्यांसमोर बोल."

वाचनालयाच्या बाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागल्या. कुरोइवा सर बाकावर बसून सगळं ऐकत होते. चिगुसाचा चेहरा तापला. पण काय म्हणून ऐकून घ्यायचं? उलटं काढायचं ते काढायचं, आणि तिने ते सावरून घेतलं तर तिलाच जाब!

"मी सावरलं नसतं ना," ती म्हणाली, "तर आज इथे गोटे असते!"

तेवढ्यात हामानो आजोबा आले. हामानो आजोबांनी साठ वर्षं याच खाडीत मासे धरले होते आणि आता ते रोज धक्क्यावर येऊन बोटी वेळेवर सुटतात की नाही ते बघायचे. त्यांनी फलक वाचला आणि हात झटकला.

"वाकायचं वय गेलं आता. मी उभ्यानेच बघतो."

टेबलाच्या कडेकडेने, पाठीमागे हात बांधून, एकेक पान बघत ते चालले. देवमाशापाशी हसले. डोळेवाल्या झाडाला, नसत्या भानगडीत न पडता, मान लववली. मग मागे आले. सातव्या पानापाशी थांबले. खिशातून चष्मा काढला, नाकावर ठेवला आणि कागदाला नाक लागेल इतके जवळ गेले.

"ही होडी कुणी काढली?"

चिगुसाचं काळीज आनंदाने उडालं. होडी! शेवटी एक माणूस असा निघाला ज्याला होडी दिसली! "मी, आजोबा! मी काढली!"

"हुबेहूब काढलीस पोरी." आजोबा म्हणाले. "माझ्या धाकट्या भावाची अशीच उलटली होती. अस्साच तळ वर, माणूस खाली. वल्हं खाली सरळ पाण्यात गेलेलं. पोहत आला म्हणून वाचला. या बिचाऱ्याचं काय झालं?"

"उलटली? कोण उलटली?"

"ही काय. बुडतोय की माणूस."

"छे! आजोबा, चष्मा पुसा! होडी नीट चाललीय. माणूस वल्हं मारतोय!"

 कोतोहा सरळ सातव्या पानासमोर जाऊन उभी राहिली. तिथे जमिनीवर पावलंच काढलेली नव्हती. तिने पाठ केली, वाकली, बघितलं.

"आजोबा, वाचला!" ती दोन पायांमधून ओरडली. "आता होडी सरळ आहे! माणूस उभा आहे!"

मग चारही जण धावले आणि वाकले. "आहे! आहे! सरळ आहे!" गेन्तासुद्धा वेळापत्रक सोडून आला. वाकलेल्या त्याच्या चेहऱ्यावर, गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा, हसू आलं. उलटं हसू.

कोतोहा उभी राहिली. फ्रॉक नीट केला. "ताई, तू पायांतून बघून काढलंस?"

"मी? शक्यच नाही! मी सरळ काढलं होतं—"

वाक्य तिथेच अडकलं. कारण ते वाक्य तिने आधी ऐकलेलं होतं. बुधवारी. सहा वर्षांच्या आवाजात.

कुरोइवा सर बाकावरून उठले. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी उचललं आणि खिडकीच्या काचेवर धरलं. बाहेर लख्ख ऊन होतं. कागदातून मागची नावं उमटली. आरशातल्यासारखी, पण बाराच्या बारा सरळ, एका रांगेत, शिस्तीत. आणि त्यांच्या पुढे सात चित्रं डोक्यावर उभी.

"चिगुसा," सर म्हणाले, "नाव लिहिताना कागद कसा पालथा केलास? दाखव बरं."

त्यांनी तिच्या हातात बोटीचं एक छापील वेळापत्रक दिलं. चिगुसाने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटतात तसं ते खालून वर उलटलं.

"कोतोहा, तू?"

"तस्संच," कोतोहा म्हणाली आणि उलटून दाखवलं.

"मी पण तस्संच!" गेन्ता म्हणाला.

सरळ पानवाल्या पाच जणांतला एक मुलगा तिथेच होता. त्याने वहीचं पान उलटतात तसं, उजवीकडून डावीकडे उलटलं. वरची बाजू वरच राहिली.

कुणी काही समजावून सांगितलं नाही. गरजच नव्हती. चिगुसाला सगळं दिसलं. खालून वर उलटलं की चित्राचं डोकं खाली जातं. त्यावर सरळ नाव लिहायचं. आणि मग कुणीतरी हुशार मुलगी येते, नावं सरळ बघून पानं जोडते, चित्रं पालथी ठेवून, एकदाही न उलटता! डावं-उजवं सांभाळल्याच्या आनंदात वर-खाली विसरून! सहा नव्हे, सात पानं. आणि त्या सात जणांत माफी मागायची राहिलेली एकच.

"सर," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "म्हणू नका. माहितीये मला. गोट्याला वर-खाली नसतं."

"मी काही म्हटलं नाही," कुरोइवा सर म्हणाले. पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

चिगुसा वाचनालयाच्या बाईंकडे वळली. "कल्पना माझी नाही. कल्पना कुणाचीच नाही. ती चूक आहे. आणि ती चूक मात्र माझी आहे, सगळीच्या सगळी." मग टेबलाकडे पाठ करून ती सहा मुलांसमोर उभी राहिली. "तुम्ही सरळ काढलं होतंत. मी खोटं पाडलं तुम्हाला. सगळ्यांसमोर. चुकले." आणि ती वाकली. शाळेत मुख्याध्यापकांसमोर वाकतात तशी नाही, त्याहून खाली. कपाळ गुडघ्याला लागेपर्यंत.

तिच्या दोन पायांमधून मागचं पुस्तक दिसत होतं. सातवं पान. धुकं, करडं-निळं पाणी, आणि त्यात तांदळाएवढी होडी, अगदी सरळ. वल्हं मारणारा माणूस कुठेही न बुडता आपल्या वाटेने चाललेला. किती सुरेख काढलीय! असं तिला वाटलं, आणि अशा वेळीही असं वाटल्याबद्दल तिला स्वतःचीच लाज वाटली. म्हणून ती आणखी थोडा वेळ वाकून राहिली.

"ताई," गेन्ता तिच्या कानाजवळ येऊन कुजबुजला, "झालं का? तुझ्यामागे रांग लागलीय."

खरंच लागली होती. चार काकू आणि कॅमेरेवाले दोघे तिला सातव्या पानासमोरची वाकणारी बाई समजून आपला नंबर येण्याची वाट बघत उभे होते. गेन्ताने खडू मागितला, आणि तिथे पावलांची सातवी जोडी स्वतः काढली. दोन्ही पावलं डावी होती. कुणी काही बोललं नाही. तेवढं तरी चिगुसा शिकली होती!

बालमंडळाच्या पुढच्या बैठकीत असं ठरलं, की पुस्तकाचा वर्ग चालू राहील, पण गोट्यांचाही. रंग आणि खळ चिगुसाकडे. कागद पालथे घालण्याचं काम कोतोहाकडे. नऊ वर्षांच्या मुलीच्या हाताखाली! चिगुसा संतापाने उभी राहिली, तोंड उघडलं, कोतोहाकडे बघितलं आणि खाली बसली.

किनाऱ्यावर गोट्यांच्या वर्गाच्या दिवशी ती मुद्दाम गेली. एक छान चपटा गोटा निवडला, धुतला आणि त्यावर होडी काढली. या वेळी चांगली मोठी, माणसासकट. रंग वाळल्यावर तिने तो कुरोइवा सरांच्या समोर बाकावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या सर, याला तरी वर-खाली नाही ना!"

सरांनी चष्मा लावला, गोट्याकडे बराच वेळ बघितलं, आणि तो फिरवून सरळ ठेवला.